बुक्क्याच्या रंगाची चांदी

कीर्तन रंगात आलेलं असताना कीर्तनकाराची आई मधेच उठून पुढे जाते, हे हुपरी गावाने तोवर कधी पाहिलं नव्हतं.

दत्तमंदिरातला चैत्राचा सप्ताह चालू होता. पाचवा दिवस, दिवेलागणीची वेळ. सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध उभी होती कस्तुरी माळगे, वय वर्षं एकोणीस, अंगावर मोरपंखी नऊवारी, हातात चिपळ्या. पेटीवर गुरवकाका. पोरीचा आवाज असा, की मागच्या भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्यांनाही कान पुढे करावे लागू नयेत. नामाचा महिमा सांगताना ती एखादा दृष्टान्त असा फेकायची, की आधी हशा पिकायचा आणि मग हसणाऱ्याच्याच डोळ्यांना धार लागायची.

पुढच्या रांगेत तिची आई शालन बसली होती. मांडीवर फोन, फोनवर एकच आकडा. एकशे अठरा.

तो आकडा येत होता कस्तुरीच्या दंडावरून, पोलक्याच्या बाहीखाली चिकटवलेल्या रुपयाएवढ्या बटणाकडून. कस्तुरीला दहाव्या वर्षापासून मधुमेह. तिचं शरीर स्वतःचं इन्सुलिन करतच नाही, बाहेरून टोचून घ्यावं लागतं. जास्त झालं तर साखर घसरून माणूस भोवळ येऊन पडतं, कमी झालं तर साखर चढून आतून पोखरते. त्या दोन काठांमधून नऊ वर्षं ती चालत आली होती. बटण दर पाच मिनिटांनी रक्तातली साखर किती ते सांगायचं. एकशे अठरा म्हणजे झकास आकडा. काळजीचं कारणच नाही.

पण शालनचं लक्ष फोनकडे नव्हतं, कान लेकीकडे होते. कस्तुरीने एक वाक्य दोनदा म्हटलं. मग चिपळी अर्ध्या मात्रेने मागे पडली. मग अभंगाचं ध्रुपद धरताना आवाज षड्जाच्या किंचित खाली उतरला. सभेत कोणाच्या लक्षात आलं नाही. गुरवकाकांच्या भुवया मात्र वर गेल्या.

पूर्वरंग संपला की कीर्तन थोडं थांबतं, कीर्तनकाराला हार घालतात, कपाळाला बुक्का लावतात आणि तेवढा वेळ नामाचा गजर होतो. पूर्वरंग संपायला अजून पंधरा मिनिटं तरी होती. शालन उठली. देवापुढच्या ताटातून हार उचलला, बुक्क्याची वाटी उचलली, प्रसादाच्या खडीसाखरेची मूठ भरली आणि तडक लेकीसमोर जाऊन उभी राहिली. गळ्यात हार घातला, कपाळाला अंगठ्याने बुक्का लावला आणि त्याच झोकात दुसऱ्या हाताने खडीसाखर तिच्या तोंडात कोंबली.

"चाव," ती पुटपुटली. "बोलू नकोस. नुसतं चाव."

गुरवकाकांनी काय ओळखायचं ते ओळखलं आणि पेटीवर नामाचा गजर उचलला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांच्या रांगेत हसू पसरलं. "शालनला काय दम निघंना बघा," कोणी तरी म्हणालं. "लेकीचं कौतुक उतू चाललंय."

खांबाआड नेऊन शालनने कस्तुरीच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब जुन्या यंत्राच्या पट्टीवर घेतला. बावन्न. अजून दहा मिनिटं गेली असती तर पोर सभेत कोसळली असती. फोन अजून एकशे चौदा दाखवत होता.

"आई," कस्तुरी घाम पुसत म्हणाली, "मघाशी निघताना फोन एकशे नव्वद दाखवत होता. म्हणून मी इन्सुलिन वाढवून घेतलं. हा खोटं बोलतोय गं."

वीस मिनिटांनी ती पुन्हा उभी राहिली आणि उत्तररंग असा गायली, की लोक विसरूनच गेले मधे काही थांबलं होतं. शालन मात्र विसरली नाही. कारण त्या बटणाखालची तार तिच्या हाताची होती.

*

चांदीच्या पैंजणांचं गाव म्हणून हुपरीची ओळख. घरोघरी कोणी तार ओढतं, कोणी कड्या जोडतं, कोणी घुंगरं भरतं. शालनचं काम शेवटचं, उजाळ्याचं. रिठ्याच्या फेसात दागिना बुडवायचा आणि पितळी ब्रशने असा घासायचा, की तो चंद्रासारखा बाहेर यावा. तीस वर्षं ती हेच करत होती. तिच्या हातावरून गेलेला माल सराफ उलटून बघत नसे.

आणि तीस वर्षांत तिने एकच गोष्ट मनासारखी घेतली नव्हती, ती म्हणजे लेकीसाठी साखर मोजणारी दंडावरची पट्टी. परदेशी पट्टी दंडाला लावली की दोन आठवडे सुई नको, पण एका पट्टीला शालनची आठवड्याची मजुरी जाऊन वर उसनवारी व्हायची. मग डॉक्टर सांगतील तेव्हा तीन महिन्यांतून एकदा लावायची, त्या दोन आठवड्यांचा आलेख बघून बाकीचे दिवस अंदाजाने काढायचे. बाकीच्या दिवसांत बोटाला सुई, दिवसाला सहा वेळा. कस्तुरीच्या बोटांची टोकं चाळणीसारखी झाली होती. पेटी शिकताना तिने एकदाच म्हटलं होतं, "आई, काळी पट्टी दाबली की दुखतं." शालन त्या दिवशी जेवली नव्हती.

मग दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरहून मुजावर सर आले. नौशाद मुजावर, विद्युत-रसायनाचे प्राध्यापक, बुटके, सदरा कायम शाईने डागलेला. हुपरीच्या पेठेत ते केसाएवढी बारीक चांदीची तार विचारत फिरत होते. लोकांना वाटलं, दागिन्याचा नवा नमुना असेल.

"दागिनाच आहे," सर म्हणाले होते. "फक्त कातडीच्या आत घालायचा."

त्यांनी मग तालुक्याच्या शाळेत सगळ्यांना बसवून समजावलं होतं. पट्टीखाली दोन तारा असतात, कातडीच्या आत जेमतेम अर्धा सेंटिमीटर. पहिल्या तारेवर एक जैविक द्रव्य माखलेलं असतं. साखरेचा कण त्याला भेटला, की ते त्याचं विघटन करतं आणि त्यातून विजेची चिमूटभर धार निघते. साखर जास्त तर धार जास्त. पण धार मोजायची तर कशाच्या तुलनेत? त्यासाठी दुसरी तार, चांदीची. तिच्यावर मिठाच्या पाण्यातून वीज सोडून सिल्व्हर क्लोराइडचा थर चढवायचा. तो थर असेपर्यंत तिचा विद्युत दाब जागचा हलत नाही. पहिली तार मग तिला धरून मोजते. वापरात तो थर हळूहळू खर्च होतो, म्हणून तो पुरेसा जाड हवा.

"परदेशी पट्टी महाग का?" सर म्हणाले होते. "सगळं एकत्र असतं. दोन आठवड्यांनी बटणसुद्धा फेकायचं. आपण बटण दोन वर्षं वापरू, बदलायची फक्त तार. आणि ही तार जगात तुमच्याइतकी स्वच्छ ओढणारं गाव मला तरी दाखवा."

हुपरीची छाती तेव्हा वीतभर फुगली होती. केंद्र उभं राहिलं, चाळीस बायका कामाला लागल्या. तार ओढायची इथे, थर चढवायचा इथे, दोन तारा गुंफून पाकिटात घालायच्या इथे. निर्जंतुक करून वाटप कोल्हापुरातून. महिन्याचा खर्च घरच्या दुधाच्या बिलाएवढा. जिल्ह्यातल्या चारशे माणसांना चाचणीसाठी पाकिटं वाटली होती आणि पट्ट्या नुकत्याच लावायला सुरुवात झाली होती. कस्तुरी त्यातली एक.

सप्ताह संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मुजावर सर स्वतः आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. कस्तुरीसारख्या अकरा तक्रारी होत्या. कागलच्या एका आजोबांना एक रात्र दवाखान्यात काढावी लागली होती. सगळ्या पट्ट्या पहिले तीन दिवस चोख चालल्या होत्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बहकल्या होत्या.

केंद्रातल्या पडद्यावर त्यांनी दोन तारांची छायाचित्रं लावली, हजारपट मोठी केलेली. एक प्रयोगशाळेत केलेली, खरबरीत, काळपट, झाडाच्या सालीसारखी. दुसरी हुपरीच्या पाकिटातली. तिच्यावरचा थर विरळ, जागोजाग आतली चांदी चमकत होती.

"थर धरत नाही," सर म्हणाले. "प्रकल्पाच्या मंडळाचं म्हणणं आहे की चांदीतच भेसळ असणार. गुरुवारी बैठक आहे. काम इथून हलवून यंत्रावर न्यायचा प्रस्ताव आहे. मग किंमत दुपटीच्या वर जाईल, पण..."

"भेसळ?" छबुताई भोजे उभ्याच राहिल्या. वयाने सगळ्यांत थोरल्या, जिभेनेही. "सर, तुमच्यासाठी चहा ठेवला होता, तो ओतून टाकते. हुपरीच्या चांदीला खोट म्हणणाऱ्याला आम्ही चहा देत नाही."

"मी म्हणत नाही, ताई. मी चहा पिणार आहे."

"मग कोण म्हणतंय त्याला आणा इथं. त्याला तर पाणी पण देणार नाही."

सगळ्या हसल्या. शालन हसली नाही. ती पडद्याकडे बघत होती. त्या विरळ थरावर बारीक बारीक ओरखडे होते, उजवीकडून डावीकडे, शेवटाला किंचित वळलेले. असा वळसा एकच मनगट घेतं, तिचं स्वतःचं. तीस वर्षांपूर्वी भाजलेलं, म्हणून शेवटाला आत वळणारं.

थर चढून आलेल्या तारा पहिल्यांदा तिच्यासमोर आल्या तेव्हा ती गलबलली होती. राखेसारख्या काळ्या. हुपरीची चांदी आणि असली कळा? हे पाकीट उघडणारं माणूस काय म्हणेल? तिने रिठ्याच्या फेसात मऊ ब्रश बुडवून त्या हलक्या हाताने उजळल्या. पूर्ण नाही, नुसती काजळी उतरेल एवढ्या. बाकीच्या बायकांनाही ती रीत तिनेच लावली. सरांना सांगायचं कोणाला सुचलंही नाही. माल पाठवण्याआधी उजाळा द्यायचा, हे काय सांगायची गोष्ट आहे?

कोणाला काही न सांगता ती घरी आली.

*

कस्तुरी तंबोरा लावत बसली होती. शालन उंबऱ्यात बसली. तारा जुळेपर्यंत ऐकत राहिली.

"कस्तुरी, समज, तंबोराच उतरला तर काय होतं?"

"मग मी पण उतरते."

"तुला कळत नाही?"

"कसं कळणार? मी त्यालाच धरून गाते. त्याचा सा हाच माझा सा. ऐकणाऱ्याला कळेल कदाचित, ज्याच्या कानात वेगळा सा आहे त्याला." ती हसली. "तुला कळलं की त्या दिवशी."

शालनने दोन्ही हात पदरात गुंडाळले. सरांनी दोन तासांत समजावलेलं लेकीने दोन वाक्यांत समजावलं होतं. काळी तार म्हणजे तंबोरा. तिच्यावरचा काळा थर म्हणजे त्याचा सा.

"ती काळी तार मी घासली," ती म्हणाली. "रिठ्याने. सगळ्याच घासल्या."

तंबोरा थांबला.

"माझ्या पाकिटातली पण?"

"तुझी दोनदा घासली."

कस्तुरीने तो भिंतीला टेकवला, येऊन आईशेजारी बसली आणि पदरात गुंडाळलेला एक हात ओढून बाहेर काढला.

"तरीच," ती म्हणाली. "सगळ्यांची पाचव्या दिवशी बहकली, माझी चौथ्या."

"हसतेस काय?"

"मग काय करू? माझ्यावर एवढा जीव दुसरं कोण लावणार? फक्त जरा कमी घास." तिने आईच्या बोटांवरून बोट फिरवलं. "सांग की सरांना."

"सगळ्यांसमोर? अगं, तीस वर्षं माझ्या हाताखालनं गेलेला माल कोणी उलटून बघितला नाही. उद्या मान वर करून पेठेतनं चालता यायचं नाही."

"कोणाची मान, आई? तुझी का हुपरीची?"

शालनने हात सोडवून घेतला.

"तू गप्प बसलीस तर तुझा हात चांगला आणि गावाची चांदी खोटी," कस्तुरी म्हणाली. "आणि माझ्यासारख्या पोरींच्या बोटाला पुन्हा सुई. कीर्तनात मी रोज सांगते, देवापुढं उभं राहताना काही झाकून ठेवू नका. लोकांना सांगायचं आणि आईला सोडायचं, असं कसं?"

"मोठी आलीस बुवा."

"बुवाच आहे."

*

गुरुवारी केंद्रात मंडळाचे तिघे जण आले. टेबलावर कागद मांडले. शुद्धतेचा अहवाल यायचा होता, पण बोलणं असं चाललं होतं, जणू तो आलाच आहे. मुजावर सर एकटेच हुपरीच्या बाजूने भांडत होते आणि हरत होते.

शालन पुढे आली. तिने टेबलावर मूठभर रिठे ठेवले, शेजारी मऊ केसांचा ब्रश.

"चांदी चोख आहे," ती म्हणाली. "खोट माझ्या हातात आहे. काळा थर मी उतरवला. या बायकांनाही मीच ते शिकवलं. कोणी मुद्दाम केलं नाही. आम्हाला चांदी काळी सोडवत नाही, एवढाच आमचा गुन्हा."

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"किती पाकिटं अशी गेलीत?"

"सगळी. एकही सुटलं नाही. माझ्या हातचं काम मी अर्धवट सोडत नाही."

मागून छबुताईंचा आवाज आला. "फुशारकी मारतीस का कबुली देतीस, नक्की कर."

अध्यक्षबाईंच्या ओठांवर हसू आलं आणि खोलीतला ताण सैल पडला. मुजावर सरांनी रिठा उचलला, नाकाशी धरला आणि चक्क कपाळाला हात लावला. "आठवडाभर मी रसायनं तपासतोय," ते म्हणाले. "आणि चोर न्हाणीघरात."

त्याच दिवशी चारशे पाकिटं परत मागवली गेली. शालनने एक अट घातली: ज्या अकरा जणांना त्रास झाला, त्यांच्या दारात ती स्वतः जाणार. कागलच्या आजोबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझी बायको तांब्याचा बंब रोज चिंचेनं घासायची, पार भोक पडेपर्यंत. तुला काय बोलू? नवी तार झाली की पहिली मला आण."

मग केंद्रात काचेच्या दोन भांड्यांत, अंगातल्या पाण्यासारख्या खारट द्रवात, एकाच रिळावरच्या दोन तारा सोडल्या. एक उजळलेली, एक काळी. शालन रोज सकाळी अंघोळ करून, देवाला फूल वाहून येऊन बसायची आणि आकडे वहीत उतरवायची. उजळलेली चौथ्या दिवशी डगमगली आणि पाचव्या दिवशी सुटलीच. काळी सातव्या दिवशी जिथल्या तिथे. दहाव्या दिवशीही. चौदाव्या दिवशी सर पेढे घेऊन आले. सोळाव्या दिवशी शुद्धतेचा अहवाल आला. चांदी शंभर नंबरी होती. छबुताईंनी तो कागद चौकटीत घालून केंद्राच्या दारावर लावला आणि त्या दिवशी सरांना चहा तीनदा पाजला.

मंडळाने काम हुपरीतच ठेवलं. पाकीट बंद होण्याआधीची शेवटची नजर शालनची असेल, असंही लेखी दिलं. सरांनी त्याचं कारण लिहिलं होतं ते एकच ओळीचं: या बाईंना थर किती हवा हे हाताला कळतं, कारण तो कसा जातो हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे.

पण बायकांचे हात वळेनात. पहिल्याच दिवशी छबुताईंच्या हातात काळी तार होती आणि डोळे कोपऱ्यातल्या रिठ्यांच्या डब्याकडे.

"शालन, मला कळतंय सगळं. सा काय, थर काय. पण असली काळी चांदी परक्याच्या घरी पाठवायला हात धजत नाही बघ."

शालनने त्यांच्या कपाळाकडे बोट केलं. आदल्या संध्याकाळी मंदिरात लावलेल्या बुक्क्याचा ठिपका अजून तिथे होता.

"हा पुसला नाहीस?"

"इश्श. बुक्का कोण पुसतं?"

"का? काळा तर आहे. कपाळ मळलंय."

"मळलं कसं? देवाचा आहे तो."

"मग हाही देवाचाच समज," शालन म्हणाली. "कोणाच्या तरी लेकीला लावलेला."

छबुताई तारेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती पाकिटात घातली, अलगद, पोथीत पान ठेवावं तशी. दुपारी रिठ्यांचा डबा त्या स्वतःच घरी घेऊन गेल्या. "केस धुवायला," म्हणाल्या.

*

पुढच्या चैत्रापर्यंत हुपरीची तार सात जिल्ह्यांत गेली होती. गावोगावच्या शाळांत, दंडावर रुपयाएवढं बटण लावलेली पोरं खोखो खेळत होती. दत्तमंदिरात सप्ताह बसला. पाचव्या दिवसाचं कीर्तन पुन्हा कस्तुरीचं. सभामंडपाबाहेरही सतरंज्या घालाव्या लागल्या. मुजावर सर खांबाला टेकून बसले होते आणि नामाच्या गजराला सगळ्यांत बेताल टाळ्या त्यांच्याच होत्या.

पूर्वरंग पुरा झाला. गुरवकाकांनी पेटीवर गजर उचलला. देवस्थानच्या अध्यक्षांनी हाराचं ताट हातात घेतलं, दोन पावलं टाकली आणि थांबले. वळून त्यांनी ताट शालनसमोर धरलं.

"गेल्या वर्षी तुम्ही न विचारता उठलात," ते म्हणाले. "यंदा आम्ही विचारतोय."

शालन उठली. या वेळी पाय घाईत नव्हते. लेकीच्या गळ्यात हार घातला, अंगठा बुक्क्यात बुडवला, कपाळाला टेकवला. कस्तुरी वाकली आणि गजराच्या आवाजात कानाशी पुटपुटली, "किती?"

"फोन घरी ठेवून आलेय."

"मग कानाने सांग."

"एकशे दहाच्या आसपास असशील."

कस्तुरीने मनगटावरच्या घड्याळाकडे चोरून बघितलं. ओठांचा कोपरा वर गेला. "एकशे तेरा."

"तीन तुझ्या अंगच्या शहाणपणाचे," शालन म्हणाली आणि वळली.

मागे उत्तररंगाचा पहिला सूर लागला, थेट षड्जावर, भिंतीपर्यंत पोचणारा. शालन आपल्या जागेवर येऊन बसली. अंगठा काळा झाला होता. तीस वर्षांच्या सवयीने हात पदराकडे गेला, पुसायला.

अर्ध्या वाटेत तो थांबला. तिने तो तसाच मांडीवर ठेवला, काळा, आणि ऐकत राहिली.